प्रिव्हेट बोन्साय: आधी वाढू द्या, मग कात्री लावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. भेट मिळालेले प्रिव्हेटचे, म्हणजे कुंपणाला लावतात त्या झुडपाचे, बोन्साय दोन वर्षांपासून घरात खिडकीपाशी आहे. रोज थोडे थोडे पाणी देता, दर आठवड्याला वाढलेले शेंडे खुडता. तरीही आतली पाने पिवळी होऊन गळतात, खोड आणले तेव्हा होते तेवढेच आहे, एका फांदीत तिला वळण देण्यासाठी गुंडाळलेली तार रुतली आहे आणि एकूण आकार हिरव्या गोळ्यासारखा झाला आहे. झाड वाचेल का, आणि त्याला कधी जुन्या वृक्षाचे रूप येईल का?

वाचेल, आणि रूपही येईल. बोन्सायसाठी वापरल्या जाणाऱ्या झाडांत प्रिव्हेटइतके चिवट झाड क्वचितच मिळते. जमिनीपासून वीतभर उंचीवर आडवा कापलेला बुंधाही पुन्हा फुटतो, निम्मी मुळे गेली तरी झाड सावरते. अडचण अशी की याच चिवटपणामुळे ते उपासमारीतही वर्षानुवर्षे तग धरते आणि आपल्याला वाटते, सगळे ठीक चालले आहे. तुमचे झाड सध्या नुसते जगते आहे, वाढत नाही. आणि बोन्सायला जे हवे असते, म्हणजे जाड बुंधा, टोकाकडे निमुळत्या होत जाणाऱ्या फांद्या, बारीक पाने, ते सगळे वाढीतून मिळते. कात्री त्या वाढीला वळण देते, तिची जागा घेऊ शकत नाही. म्हणून आधी झाडात जोम कसा आणायचा ते सांगतो आणि मग तो कसा वापरायचा ते.

पहिली गोष्ट जागा. प्रिव्हेट हे बाहेरचे झाड आहे. दुकानांत चिनी प्रिव्हेट ‘घरातले बोन्साय’ म्हणून विकले जाते, कारण कमी उजेडातही ते लगेच मरत नाही. पण खिडकीच्या काचेपासून दोन हात आत आले तरी उजेड किती तरी पटीने घटतो. आपल्या डोळ्यांना ते जाणवत नाही, झाडाला जाणवते. बाहेरचा पर्णभार उरलासुरला उजेड अडवतो, आतल्या पानांना काहीच मिळत नाही आणि झाड ती सोडून देते. तुमच्या पिवळ्या पानांचे मुख्य कारण हेच. (हवामान बदलताना, नव्या पालवीच्या वेळी, गेल्या वर्षीची काही जुनी पाने पिवळी होऊन गळणे मात्र नैसर्गिक आहे. नवी पाने तजेलदार असतील तर त्याची काळजी करू नका.) झाडाला दिवसाकाठी किमान चार-पाच तास थेट ऊन मिळेल अशा जागी, मोकळ्या हवेत ठेवा. दोन वर्षे आत राहिलेले झाड एकदम कडक उन्हात नेले तर पाने करपतात, म्हणून पहिले दहा-पंधरा दिवस फक्त सकाळचे ऊन द्या आणि हळूहळू वाढवत जा. तापमान 35 अंशांच्या वर जाते तिथे उथळ कुंडी दुपारी तापते आणि मुळे भाजतात, तेव्हा दुपारपुरती सावली करावी. थंड मुलखात उलटे: कुंडीतली मुळे जमिनीतल्या मुळांपेक्षा फार लवकर गारठतात. पारा उणे 5 अंशांकडे जाऊ लागला की कुंडी आडोशाला, न गोठणाऱ्या पण थंड जागी न्यावी. उबदार खोलीत पुन्हा आणू नये.

थंडीचा हिशेब जातीवरही अवलंबून आहे. प्रिव्हेटच्या वंशात, म्हणजे लिगुस्ट्रममध्ये, 40 ते 50 जाती आहेत. जाई-जुई, ऑलिव्ह आणि लायलॅक यांचे हे कूळ. बोन्सायच्या दृष्टीने चारच ओळखून ठेवल्या तरी पुरे. चिनी प्रिव्हेट, म्हणजे लिगुस्ट्रम सायनेन्स: बारीक पाने, कोवळ्या फांद्यांवर मऊ लव, भरपूर फुटवे, बहुतेक तयार बोन्साय याच जातीचे असतात आणि तुमचेही बहुधा तेच असेल. युरोपातले रानटी प्रिव्हेट, लिगुस्ट्रम व्हल्गेअर: पाने थोडी लांबट, कडाक्याच्या थंडीतही टिकणारे, चुनखडीच्या जमिनीत आनंदाने वाढणारे. कुंपणाला लावतात ते अंडाकृती पानांचे, लिगुस्ट्रम ओव्हॅलिफोलियम, मूळचे जपान-कोरियाकडचे. आणि मोठ्या, चकचकीत पानांचे लिगुस्ट्रम ल्युसिडम. हे शेवटचे लहान बोन्सायसाठी घेऊ नका. त्याचे पान हातभर उंचीच्या झाडावर कधीच प्रमाणात दिसत नाही, कितीही छाटले तरी. चिनी जातीचे पान मात्र चांगल्या निगराणीत सेंटिमीटरभरावर येते. हिरव्या-पांढऱ्या पानांचा प्रकार दिसायला मोहक असतो. पण त्यावर अधूनमधून पूर्ण हिरवा फुटवा येतो, तो जास्त जोमदार असतो आणि वेळीच मुळापासून काढला नाही तर सगळे झाड हिरवे करून टाकतो.

आता पाणी. प्रिव्हेटला भरपूर पाणी लागते आणि ते कोरडे पडलेले खपत नाही. ‘रोज थोडे’ ही पद्धत मात्र सर्वांत घातक. प्रिव्हेट कुंडीत तंतुमुळांचे इतके दाट जाळे विणते की दोन-तीन वर्षांत मातीचा नुसता घट्ट गोळा होतो. वरून घातलेले थोडे पाणी वरचा थर भिजवते आणि उरलेले कडेने निसटून जाते. गाभा कोरडाच राहतो. तपासायचे असेल तर एक लाकडी काडी बुंध्याजवळ तळापर्यंत खोचून दहा मिनिटांनी बाहेर काढा. वरचा भाग ओला आणि खालचा कोरडा निघाला तर निदान झालेच. तेव्हा आज कुंडी काठापर्यंत बुडेल अशा पाण्याच्या टबात ठेवा, बुडबुडे थांबेपर्यंत राहू द्या आणि मग नीट निथळू द्या. पुढे पाणी द्याल तेव्हा तळाच्या छिद्रांतून धार लागेपर्यंत द्यायचे, पाच मिनिटे थांबून पुन्हा एकदा द्यायचे, आणि वरची माती सुकू लागेपर्यंत परत द्यायचे नाही. उन्हाळ्यात ही वेळ दिवसातून दोनदा येईल, थंडीत चार दिवसांनी. वेळापत्रक लावून घेऊ नका, माती बघा.

एक खूण लक्षात ठेवा. पाने मलूल होऊन लोंबली आणि माती कोरडी असेल तर पाणी देताच ती काही तासांत ताठ होतात. माती ओली असूनही पाने लोंबत असतील तर मुळे कुजत आहेत. तिथे आणखी पाणी देणे म्हणजे झाड हातचे घालवणे. कुंडी एका बाजूला तिरकी करून निथळू द्या, सावलीत ठेवा आणि शक्य तितक्या लवकर मोकळ्या मिश्रणात हलवा.

मिश्रणाबद्दल फार पाल्हाळ लावत नाही. प्रिव्हेटला आम्ल-अल्कधर्मी मातीचे नखरे नाहीत. त्याला निचरा आणि हवा हवी. 2 ते 6 मिलिमीटर आकाराचे, चाळून धूळ काढलेले टणक कण घ्या: अकाडामा (जपानी मातीचे टणक दाणे), प्यूमिस (हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड), लाव्हाची खडी, भाजलेल्या विटेचा चुरा, यांतले जे मिळेल ते. त्यात पाचवा हिस्सा चांगले कुजलेले पालापाचोळ्याचे खत घातले की झाले. बागेतली चिकण माती उथळ कुंडीत कधीही घालू नका.

कुंडी बदलायची वेळ झाड स्वतः सांगते. थंडी ओसरताना फांद्यांवरचे डोळे फुगू लागतात, त्यांच्या टोकाला हिरवी रेघ दिसते, पण पान अजून उलगडलेले नसते. तेव्हा करावे. जिथे थंडी नावापुरतीच असते तिथेही वर्षातल्या सर्वांत थंड दिवसांनंतर फुटव्यांची एक नवी लाट येते. तिच्या तोंडावर करावे. तरुण झाडाला दर दोन वर्षांनी, जुन्या, सांभाळून ठेवलेल्या झाडाला तीन-चार वर्षांनी हे पुरते. पाणी घातल्यावर ते वर साचून राहू लागले, किंवा मुळांच्या दाबाने झाड कुंडीतून किंचित वर उचलले गेले, तर वर्षे मोजत बसू नका. मुळांचा गोळा बाहेर काढून काडीने कडेकडेने मोकळा करा. खाली सरळ जाणारी जाड मुळे बुंध्याजवळ आखूड करा, एकमेकांवरून गेलेली मुळे काढा, आणि बुंध्याभोवती चहूकडे पसरणारी मुळे जपा. एकूण तिसरा हिस्सा कापायला प्रिव्हेट सहज तयार असते, तब्येत चांगली असेल तर निम्म्यापर्यंतही. नंतर झाड तारेने कुंडीला बांधून टाका. झाड वाऱ्याने हलत राहिले तर नवी तंतुमुळे तुटत राहतात. खत पुढे चार ते सहा आठवडे बंद.

इथवर केलेत की झाडात जोर येईल. मग तो आवरण्याचा मोह होईल, आणि तुमच्या प्रश्नाचा गाभा तिथेच आहे. दर आठवड्याला शेंडे खुडणे ही कुंपणाची निगा आहे. कुंपणाला बाहेरून भिंतीसारखा दाटपणा हवा असतो आणि आत काय आहे याच्याशी कोणाला देणेघेणे नसते. सतत खुडल्याने टोकाशी फुटव्यांची गर्दी होते, फांदी आतून उघडी पडते, आणि अन्न तयार करणारी नवी पानेच न उरल्यामुळे खोडाला पोसायला काही राहत नाही. गोळा घडतो तो असा.

त्याऐवजी हे करा. नवा फुटवा सहा ते आठ पानांच्या जोड्या येईपर्यंत वाढू द्या. झाड विस्कटलेले दिसेल, दिसू द्या. फुटव्याचा तळ हिरव्याचा तपकिरी होऊ लागला, म्हणजे लाकूड धरू लागला, की तो एक किंवा दोन जोड्यांवर आणून कापा. कापलेल्या जागेखालच्या पानांच्या बेचक्यातून दोन नवे फुटवे निघतील. ते पुन्हा वाढू द्या, पुन्हा कापा. चांगल्या हंगामात हे चक्र तीन-चार वेळा होते. प्रत्येक कापाबरोबर फांदी एक टप्पा बारीक होते, एक कोन बदलते आणि एकाच्या दोन होतात. दक्षिण चीनमधल्या लिंगनान शैलीत सगळे झाड याच रीतीने, वाढवा आणि कापा करत, तारेचा फारसा आधार न घेता घडवले जाते. प्रिव्हेटसाठी मला तीच रीत सर्वांत योग्य वाटते. तारेने दिलेला बाक गुळगुळीत असतो, कापाने दिलेला बाक तुटक आणि जुनाट दिसतो. प्रिव्हेटच्या खडबडीत स्वभावाला तो शोभतो.

कुठे कापायचे, हे जरा जवळून पाहू. प्रिव्हेटची पाने समोरासमोर जोडीने येतात आणि प्रत्येक जोडी आधीच्या जोडीच्या काटकोनात असते. म्हणजे आडव्या फांदीवर एक जोडी डावी-उजवीकडे, पुढची वर-खाली, त्यापुढची पुन्हा डावी-उजवीकडे. पण पानांचे देठ उजेडाकडे वळतात, त्यामुळे वरवर पाहता सगळी पाने एकाच पातळीत पसरल्यासारखी दिसतात आणि फसगत होते. पानांकडे न बघता देठ जिथे फांदीला चिकटतो तिथला डोळा बघा; भिंग घेतलेत तर उत्तम. डावी-उजवीकडच्या जोडीच्या किंचित वर कापले तर दोन्ही फुटवे आडवे पसरतात आणि फांदीचा छान पंखा होतो. वर-खालच्या जोडीवर कापले तर एक फुटवा सरळ आकाशाकडे जाईल आणि दुसरा जमिनीकडे. दोन्ही पुढे काढावेच लागतात. तिथे एक पेर मागे या, किंवा खालचा डोळा नखाने काढून टाका आणि फांदीला थोडे वर उचलायचे असेल तर वरचा ठेवा. कात्री लावण्याआधीची ही पाच सेकंदांची नजर पुढच्या दोन वर्षांची छाटणी वाचवते. शिवाय प्रत्येक जोडीचे दोन्ही फुटवे ठेवायचे असेही नाही. सगळीकडे समोरासमोर फांद्या राहिल्या तर झाड माशाच्या काट्यासारखे दिसते, म्हणून मुख्य फांदीवर एकदा डावीकडचा, पुढे उजवीकडचा असा फुटवा राखत जा. दुहेरी फाटे टोकाच्या बारीक काड्यांपुरते ठेवा.

छाटणी करताना शेंड्याकडे कडक आणि खालच्या फांद्यांकडे हात सैल ठेवा. जोर नैसर्गिकपणे वर धावतो. वरचे फुटवे एका जोडीवर कापा, खालचे दोन-तीन जोड्यांवर, आणि सर्वांत खालची फांदी अशक्त असेल तर ती संपूर्ण हंगाम न कापता सोडा.

एका गोष्टीची मात्र ठळक सूचना द्यायला हवी, कारण फांदी काढताना पुष्कळांना हिचा विचार सुचत नाही. प्रिव्हेटच्या खोडात रसाचे पट्टे बरेचसे स्वतंत्र असतात: अमुक मूळ अमुक फांदीला पोसते. एका बाजूच्या सगळ्या फांद्या एकाच वेळी काढल्या तर त्या बाजूची साल फांदीच्या खाली पट्ट्याने वाळत जाते, कधी कधी थेट मुळापर्यंत. मोठे मूळ कापले तर त्याच्या डोक्यावरची फांदीही मरू शकते. म्हणून मोठी फांदी काढताना तिच्या लगत, थोडी खाली, एखादा लहान फुटवा जिवंत ठेवा. तो त्या पट्ट्यातला रस ओढत राहतो आणि साल टिकते. घाव भरला, कडेने साल फुगून आत येऊ लागली, की मग तो फुटवा काढा. काप धारदार चाकूने गुळगुळीत करून कडांवर लेप लावावा. इंचभराहून मोठे घाव कुंडीत सहसा पूर्ण भरत नाहीत. ते दडवत बसण्यापेक्षा आत कोरून ढोली करणे बरे. जुन्या प्रिव्हेटची पोकळ खोडे निसर्गात दिसतात आणि बोन्सायवरही खरी वाटतात. पावसाचे पाणी ढोलीत साचणार नाही असा उतार ठेवला म्हणजे झाले. उघडे लाकूड वाळल्यावर टणक असते, पण सतत ओले राहिले तर कुजते.

तार लावायची तर फुटवा कोवळा-पक्का असताना, म्हणजे पेन्सिलीपेक्षा बराच बारीक असताना लावा. त्यानंतर प्रिव्हेटचे लाकूड ठिसूळ होते आणि वाकवताना फांदी बेचक्यातून फाटते. फांदीच्या साधारण एक तृतीयांश जाडीची ॲल्युमिनियमची तार पुरते. वाढीच्या दिवसांत फांदी इतक्या वेगाने जाडावते की सहा आठवड्यांतच तार रुतायला लागते, म्हणून चौथ्या आठवड्यापासून दर दोन-चार दिवसांनी पाहत जा. तुमच्या फांदीत रुतलेली तार उलगडून काढू नका. प्रत्येक वेटोळा तारेच्या पक्कडीने तोडून तुकडे सुटे करा. एखादा तुकडा सालीत पूर्ण गेला असेल तर तो ओढून साल फाडण्यापेक्षा तसाच राहिलेला बरा. ती फांदी एक-दोन हंगाम मोकळी वाढली की वळ बुजतात. फारच खोल असतील तर फांदी वळाच्या आत कापून तिथून नवी घडवा. प्रिव्हेट जुन्या लाकडातूनही फुटते, त्यामुळे एका फांदीसाठी जीव टांगणीला लावायचे कारण नाही.

खोड जाड कसे होईल हा तुमचा प्रश्न उरतो. उथळ कुंडीत, नियमित छाटणीत, खोड जवळजवळ जाडावत नाही. हे कोणत्याही खताने बदलत नाही. जाडी हवी असेल तर झाड दोन-तीन वर्षे जमिनीत किंवा मोठ्या, खोल कुंडीत लावा. बुंध्याजवळची एखादी फांदी न कापता माणसाच्या उंचीएवढी वाढू द्या. ती फांदी बोन्सायचा भाग नसते, तिचे काम तिच्याखालचे खोड फुगवणे, आणि काम झाले की ती काढायची. यामुळे घाव मोठा राहतो, म्हणून ती झाडाच्या मागच्या बाजूची निवडावी.

याहून जलद आणि माझ्या मते सर्वांत चांगला मार्ग म्हणजे जुन्या कुंपणाचा बुंधा. प्रिव्हेटचे कुंपण काढून टाकले जात असते तेव्हा मनगटापेक्षा जाड, गाठाळ, कित्येक वर्षे कापून कापून पीळदार झालेले बुंधे जळणात जातात. मालकाच्या परवानगीने असा एखादा घ्या. डोळे फुगण्याच्या आधी तो 15 ते 25 सेंटिमीटरवर करवतीने कापा, अंतिम उंचीपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर जास्त ठेवून, कारण कापाखालचे थोडे लाकूड मागे वाळते. मुळे बुंध्याच्या दुपटीएवढ्या घेरात तोडून उचला. बारीक मुळे थोडीच आली तरी चालते. मोकळ्या मिश्रणात घट्ट बांधून लावा, सावलीत ठेवा. काही आठवड्यांत सालीतून ठिकठिकाणी लालसर-हिरवे फुटवे निघतात. पहिल्या फुटव्यांवर भाळून लगेच निवड करू नका. ते बुंध्यात साठलेल्या अन्नावर येतात आणि मुळे नसतानाही येऊ शकतात. पहिले पूर्ण वर्ष एकही फुटवा न कापता जाऊ द्या. दुसऱ्या वर्षी नवा शेंडा निवडून त्याच्या दिशेने तिरका काप घ्या, म्हणजे खोड वर निमुळते होत जाईल.

छाट कलमही सोपे आहे. हिवाळ्यात पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब काड्या ओल्या वाळूत लावल्या की बहुतेकांना मुळे फुटतात. अनेक झाडांचे रान करायचे असेल तर तेच करा. बिया थंडीत दोन-तीन महिने ओलसर ठेवल्यावर रुजतात, पण बोन्सायसाठी मला तो वळसा घेण्यासारखा वाटत नाही.

खताबाबत एवढेच पाहा की झाड कोणत्या टप्प्यावर आहे. खोड आणि मुख्य फांद्या घडत असताना वाढीच्या दिवसांत दर पंधरा दिवसांनी समतोल द्रवखत द्या. आकार ठरल्यावर, बारीक काड्या हव्यात तेव्हा, पहिल्या पालवीची पाने पक्की होईपर्यंत खत थांबवा. नाहीतर पेरे लांबतात आणि पाने मोठी होतात. नव्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला तर लोहाची उणीव समजावी. मुळे गुदमरलेली असली तरीही असेच दिसते, म्हणून आधी निचरा तपासावा.

पाने बारीक करण्यासाठी पूर्ण पानगळ करण्याबद्दल बहुतेक जण विचारतात. धडधाकट प्रिव्हेटला ते झेपते: उन्हाळ्याच्या सुरुवातीला पहिली पालवी पक्की झाली की देठ ठेवून पान कापायचे, काही आठवड्यांत लहान पानांची दुसरी पालवी येते. पण ज्या वर्षी कुंडी बदलली त्या वर्षी हे करू नये, आणि खोड घडायचे बाकी असताना तर कधीच नाही. तुमच्या झाडाला इतक्यात त्याचे नावही काढू नका.

फुले वर्षाच्या नव्या फुटव्यांच्या टोकाला, पांढऱ्या मंजिऱ्यांनी येतात. नियमित छाटलेल्या झाडाला ती क्वचितच दिसतात. वासाबद्दल मतभेद आहेत: कोणाला गोड वाटतो, कोणाचे डोके दुखते. मला विचाराल तर एखाद्या वर्षी वरच्या चार फांद्या न कापता त्यांना फुलू द्यावे. नंतर येणारी काळी-निळी फळे मात्र विषारी आहेत, पानेही. मुले आणि पाळीव जनावरे असतील तिथे फळे पिकण्याआधी काढून टाका. आणखी एक कारण आहे. चिनी प्रिव्हेट अमेरिकेत 1852 मध्ये शोभेचे झाड म्हणून नेले गेले आणि पक्ष्यांनी बिया पसरवल्यामुळे आज तिथल्या आग्नेय भागातली जंगले त्याने झाकून टाकली आहेत. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्येही प्रिव्हेट तण म्हणूनच ओळखले जाते. कुंडीतल्या झाडाची फळे तोडायला दोन मिनिटे लागतात, ती द्यावीत.

किडींमध्ये कोवळ्या शेंड्यांवर मावा, फांद्यांच्या बेचक्यांत पिठ्या ढेकूण, सालीवर तपकिरी ठिपक्यांसारखी खवले कीड, आणि कोरड्या गरम हवेत पानांमागे लाल कोळी. पाने चंदेरी, राखाडी दिसू लागली तर फुलकिडे असतील. बंद खोलीतल्या झाडावर यांतले बरेचसे बाहेर आणल्यावर आपोआप कमी होते, ही समाधानाची बाब. मावा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने जातो. खवले कीड मऊ ब्रशने घासून काढा आणि संध्याकाळी कडुलिंबाच्या तेलाची साबण घालून फवारणी करा, आठवड्याने पुन्हा करा. जमिनीत झाड वाढवणार असाल तर जिथे एखादे झाड बुरशीने मेले आहे, जुना कुजका बुंधा आहे, ती जागा टाळा. मुळांवरच्या मध-बुरशीला प्रिव्हेट फार लवकर बळी पडते, आणि ती लागली की तोडगा नाही.

तुमच्या झाडाच्या बाबतीत क्रम असा ठेवा. आज तार कापून काढा आणि कुंडी बुडवून भिजवा. येत्या पंधरवड्यात हळूहळू बाहेर न्या. संपूर्ण हंगाम कात्री उचलू नका, फक्त वाळलेल्या काड्या काढा. नवी वाढ दिसू लागली की खत सुरू करा. हंगामाच्या शेवटी झाड विस्कटलेले पण गडद हिरवे असेल आणि आतल्या उघड्या फांद्यांवर बारीक फुटवे आलेले असतील. ते फुटवे आले नाहीत तर आणखी एक वर्ष थांबा. मग डोळे फुगताना कुंडी बदला, एका आकाराने मोठी आणि खोल घ्या. पहिली पालवी पक्की झाल्यावर त्या गोळ्याच्या बाहेरच्या गर्दीतून मुख्य फांद्या निवडा, बाकीच्या दोन टप्प्यांत, एका बाजूला एकदम नव्हे, कमी करा, आणि ठेवलेल्या फांद्या आतल्या फुटव्यांपर्यंत मागे आणा.

शेवटची, दाखवायची कुंडी निवडायला अजून काही वर्षे आहेत. तेव्हा तिची खोली बुंध्याच्या जाडीएवढी आणि लांबी झाडाच्या उंचीच्या दोन तृतीयांश धरा, आणि पाणी लवकर उडू नये म्हणून आतून कच्ची, बाहेरून चकाकी दिलेली घ्या. बारीक चमकदार पानांना ती खुलतेही.